साकवापलीकडचा तिठा: मुलं परततानाच का चुकतात

कन्नड तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी विचारलंय. आठवी-नववीची ४२ मुलं घेऊन त्यांना श्रावणात गौताळ्याच्या जंगलातल्या एका कुंडापर्यंत पायी जायचं आहे. गावातून निघालेली वाट पाऊण तासाने ओढ्यावर येते. ओढ्यावर लोखंडी साकव आहे, तीसेक फूट लांब आणि चार फूट रुंद. साकव ओलांडला की वाट फुटते. उजवीकडची वाट ओढ्याच्या काठाने वर कुंडाकडे जाते, डावीकडची चढून पठारावर. गेल्या वर्षी परत येताना १७ मुलं भलत्याच वाटेला लागली आणि दीड तासाने सापडली. बाईंचे प्रश्न तीन आहेत: साकवावरून एका वेळी किती मुलं न्यावीत, तिठ्यावर खूण कशी करावी आणि पाणी वाढलं तर काय करावं.

बाई, तुम्ही साकवाचा प्रश्न आधी विचारलात, पण मी तिठ्यापासून सुरू करतो. माझी सगळी नोकरी लहान पूल आणि साकवांच्या कामावर गेली आणि तीस वर्षं सुट्टीचे दिवस अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरात गेले. साकवावरून पडून माणूस जखमी झालेला मी एकदाच पाहिला. साकवाजवळ वाट चुकलेली माणसं मात्र दर पावसाळ्यात भेटतात.

तुमची १७ मुलं कुठे गेली ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या अंदाजाने ती पठाराच्या वाटेने सरळ वर गेली. असं का, ते त्या जागी उभं राहून बघू. जाताना तुम्ही साकवावरून पलीकडे उतरता, समोर दोन फाटे दिसतात, डावा आणि उजवा. प्रश्न डोळ्यासमोर उभा असतो, म्हणून सगळे थांबतात, कोणीतरी हात करतो, आणि तुम्ही उजवीकडे वळता. आता परतीचा विचार करा. मुलं कुंडाकडून ओढ्याच्या काठाने खाली येताहेत. पठाराची वाट आता त्यांच्या नाकासमोर सरळ आहे, आणि साकव डाव्या हाताला काटकोनात. सरळ चालणाऱ्या पायाला तिथे तिठा आहे हेच कळत नाही. त्यात श्रावणात तिथलं गवत आणि घाणेरी मुलांच्या खांद्याला लागते. साकवाची चार फुटांची पट्टी त्याच्या आड जाते. मुलं चुकीची वाट निवडत नाहीत. निवड करायची आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

वाट चुकण्याच्या बहुतेक प्रकारांचं मूळ इथेच आहे. जाताना बाजूने येऊन मिळणारी वाट आपल्याला जाणवतसुद्धा नाही. तीच परतताना फाटा होऊन समोर येते. ओढ्याच्या ओलांडणीपाशी तर हे हमखास होतं, कारण सगळ्या वाटा तिथेच गोळा होतात. साकव नव्हता तेव्हाही लोक तिथूनच ओढा ओलांडत असणार, कारण कातळ पसरट, उतार सौम्य. गुरं पाण्यावर यायची तीही तिथेच. मग त्या जागेवर साकव बसतो आणि जुन्या ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, देवाला जायची वाट, सगळ्या त्याच्या दोन्ही तोंडांशी येऊन मिळतात. त्यामुळे साकव दिसला की आसपास तीन-चार वाटा आहेत असंच मी धरून चालतो, मग त्या दिसोत वा न दिसोत.

माझ्यावरही ही वेळ आली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही अकरा जण अशाच एका ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो होतो. परतताना गप्पांच्या नादात मीच पुढे होतो. वाट चांगली रुंद, शेणाचे पो पडलेले, म्हणजे वापरातली. वीस मिनिटं चढल्यावर मला जाणवलं की पाण्याचा आवाज येत नाहीये. जाताना ओढा उजव्या हाताला होता, म्हणजे परतताना डाव्या हाताला हवा होता, आणि आवाज हवा होता. तो नव्हता. तेवढ्यात वरून एक शेळ्यावाले मामा उतरले. म्हणाले, "कुठं चालले तुम्ही वर? पूल तं खालीच राह्यला ना." अंधाराला अर्धा तास उरला होता. ते भेटले नसते तर आम्ही पठारावर गेलो असतो, आणि पठारावर तर पाच दिशांना ढोरवाटा आहेत.

त्या दिवसापासून प्रत्येक गटाला मी एक नियम पाठ करून घेतो: जाताना पाणी ज्या हाताला, परतताना ते दुसऱ्या हाताला. पाणी पाठीमागे राहिलं, खूप खाली गेलं किंवा त्याचा आवाज बंद झाला, की थांबायचं आणि पाठीमागच्या मोठ्या माणसाची वाट बघायची. आठवीच्या मुलाला हे सहज जमतं. तुमच्या वाटेसाठी ते असं होईल: कुंडाकडे जाताना ओढा उजव्या हाताला, येताना डाव्या हाताला, आणि त्याच डाव्या हाताला साकव.

आता खुणेचं. पहिली गोष्ट, रंगाचा डबा नेऊ नका. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. दगडावर, झाडावर रंग फासणं तिथे योग्य नाही. शिवाय रंगवलेला बाण आपल्या माघारी पुढची दहा वर्षं कोणाला तरी कुठेतरी पाठवत राहतो. वाट बदलते, दरड येते, बाण तसाच राहतो.

तुम्हाला लागणारी खूण एका दिवसाची आहे, आणि ती परतणाऱ्याच्या डोळ्यासाठी हवी. माझी रीत सांगतो. साकव ओलांडल्यावर सगळ्यांना उजवीकडे कुंडाच्या वाटेने वीस पावलं न्यायचं आणि तिथे सगळ्यांना मागे फिरवायचं. "आता आपण परत आलोय असं समजा. साकव कुठे आहे?" मुलं बघतात आणि एकदम गप्प होतात, कारण साकव दिसत नाही. हा क्षण मुलांना फलकापेक्षा जास्त शिकवतो. मग त्यांच्याकडूनच तीन खुणा काढून घ्यायच्या, वाहून न जाणाऱ्या, रात्रीतून न बदलणाऱ्या. एखादं धावड्याचं गुळगुळीत पांढुरकं खोड, सालईची कागदासारखी सुटलेली साल, बसायला होईल असा मोठा काळा दगड. "डावीकडे दोन खोडांचा धावडा, त्याच्या पायथ्याशी दगड, तिथून डावीकडे वळायचं." हे मुलांनी वहीत लिहायचं, आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी फोटो काढायचा तो परतीच्या तोंडाने. जातानाचे फोटो सगळे काढतात. परतीच्या वाटेवर ते उपयोगी पडत नाहीत.

यानंतर पठाराच्या वाटेवर बोराटी आडवी टाका. आपल्या भागात वाट किंवा शेताचं खिंडार बंद असल्याची खूण म्हणजे बोरीची काटेरी फांदी, ती वाचायला कोणाला शिकवावं लागत नाही. वाळलेली, पडलेली फांदी घ्या, ओली तोडू नका. टाकताना ती वाटेच्या तोंडाशी टाकू नका, चार पावलं आत टाका. अगदी तोंडाशी टाकली तर गवतात दिसत नाही आणि मुलांच्या पायाला लागते. जाणाऱ्या-येणाऱ्या गुराख्याला सांगा, आणि शेवटच्या माणसाने परतताना ती न विसरता उचलायची. त्या वाटेने दुसऱ्या दिवशी कोणाची तरी गुरं जाणार आहेत.

साकवाच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, एक लाल किंवा पिवळं फडकं बांधा. उंच फांदीला बांधलं तर पाय बघून चालणाऱ्या मुलाला ते दिसत नाही. हेही परतताना सोडून आणायचं.

पण बोराटी, फडकं, वही, हे सगळं असूनही माझा भरवसा तिथे उभ्या असलेल्या माणसावर जास्त आहे. गेल्या वर्षी काय झालं असेल ते बघा. परतताना चपळ मुलं पुढे पळाली, शिक्षक दमलेल्यांबरोबर मागे राहिले. तिठ्यावर सगळ्यात आधी पोचली ती १४ वर्षांची मुलं, आणि त्यांच्या मागे बाकीची, कारण पुढचा गेला म्हणजे वाट तीच असणार. म्हणून परतीला निघण्याच्या वीस मिनिटं आधी दोन मोठी माणसं तिठ्यावर जाऊन उभी राहू द्या. एक धावड्यापाशी, एक साकवाच्या तोंडाशी. तुमच्याकडे मोठी माणसं कमी असतील तर कुंडावरचा मुक्काम कमी करा, पण तिठ्यावरची दोन काढू नका. ४२ मुलांना किमान पाच मोठी माणसं लागतात असा माझा अनुभव आहे: एक पुढे, एक मागे, दोन तिठ्यावर आणि एक हाताशी मोकळा.

फोनवरच्या नकाशाबद्दल एवढंच सांगतो. तो घरून उतरवून घ्या, रेंज तिथे धरून चालू नका. आणि ओढ्याच्या घळीत दोन्ही बाजूंनी डोंगर असल्याने फोन आपली जागा दहा-वीस मीटरने चुकीची दाखवू शकतो. तिठ्यावर दोन वाटांमधलं अंतर सुरुवातीला त्याहून कमी असतं. म्हणजे नेमकं जिथे विचारायचं तिथे फोनला सांगता येत नाही. पन्नास-साठ पावलं गेल्यावर तो सांगतो की तुम्ही चुकलात. एवढा उपयोग त्याचा जरूर करा.

अजिंठ्याची गोष्ट यानिमित्ताने आठवते. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या पलीकडच्या कड्यावरून दहाव्या लेण्याची कमान दिसली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला महिना महत्त्वाचा वाटतो. एप्रिलमध्ये आपलं जंगल निष्पर्ण असतं, साग, सालई, पळस सगळे उघडे, आणि पलीकडच्या कड्याचा दगड न् दगड दिसतो. तीच जागा श्रावणात हिरवीगार असते. आजही लेण्यांखालच्या पुलावरून वाघूर ओलांडून समोरच्या टेकाडावर चढणाऱ्या माणसाने एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात जाऊन बघावं, दोन वेगळ्या जागा वाटतील. तुम्ही वाट बघून ठेवायला मे महिन्यात गेला असाल, तर ती बघणी श्रावणासाठी अपुरी आहे. सहलीच्या आधी आठ दिवसांच्या आत पुन्हा एकदा जाऊन या.

आता साकव. कागदावरचा हिशेब सोपा आहे. पादचाऱ्यांच्या पुलासाठी आपल्याकडे चौरस मीटरला ४०० किलो भार धरण्याची पद्धत आहे, जत्रा-यात्रेची गर्दी होणार असेल तिथे ५००. तुमचा साकव तीस फूट बाय चार फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार टन. ४२ मुलं, सरासरी ४० किलोची, म्हणजे १,६८० किलो. नवा, नियमाने बांधलेला साकव असेल तर सगळी मुलं एकदम उभी राहिली तरी भार निम्म्याहून कमी. पण तुमचा साकव कोणत्या वर्षी, कोणत्या हिशेबाने बांधला आणि त्यातलं किती लोखंड आज शिल्लक आहे, हे तुम्हा-आम्हाला माहीत नाही. १५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. जुन्या लोखंडावर लोक पाणी बघत थांबून राहिले, गर्दी वाढत गेली, की असं होतं.

म्हणून माझा नियम असा. साकवावर एका वेळी सहा मुलं, एकामागे एक, मधे दोन हातांचं अंतर, आणि थांबायचं नाही. एका तालात पाय आपटत, गाणं म्हणत जायचं नाही. हलका साकव तालावर झोके घेतो आणि मुलांना ते आवडतं म्हणून ती अजून जोर लावतात. सहा पलीकडे उतरली की पुढची सहा. ४२ मुलांच्या सात फेऱ्या होतात, दहा मिनिटं पुरतात. आणि फोटो साकवावर नाही. वजन किती, यापेक्षा ते कुठे एकवटतं हे जास्त महत्त्वाचं असतं. पाण्यात मासा दिसला की वीस मुलं एकाच कठड्यावर ओणवतात. कठडा एवढा जोर सोसायला केलेलाच असतो असं नाही.

कठड्याच्या खांबाचा बुंधा बघायला विसरू नका. खांब जिथे साकवाच्या पट्टीला वेल्डिंगने जोडलेला असतो तिथे पाणी आणि पाला साठतो, आणि वरून रंग छान दिसत असताना खाली गंजाने पापुद्रे सुटलेले असतात. मुठीएवढा दगड घ्या आणि बुंध्याच्या इंचभर वर हलकेच ठोका. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. गंजलेलं थप्प असा बसका आवाज देतं आणि लालसर भुकटी झडते. प्रत्येक खांब ठोका, दहा मिनिटांचं काम आहे. एक जरी थप्प वाजला तर त्या बाजूच्या कठड्याला हात लावायचा नाही असं मुलांना सांगा, आणि सलग दोन-तीन वाजले तर त्या साकवावरून मुलं नेऊ नका.

मग खाली उतरून दोन्ही टोकांचे पाये बघा. आपल्याकडचे साकव क्वचितच मधून मोडतात. बहुतेक वेळा पाणी टोकाच्या भिंतीखालची माती-मुरूम उकरून नेतं आणि भिंत बसते. भिंतीच्या तळाशी हात घालता येईल एवढी पोकळी असेल तर ते वाईट लक्षण. कातळावर थेट बसवलेला पाया असेल तर निश्चिंत राहा. कातळ आणि भिंत यांच्यामधे तांबड्या मऊ मातीचा थर असेल तर सावध व्हा, आपल्या बेसाल्टच्या थरांमधे अशी तांबडी पट्टी असते आणि ती पाण्याने आधी झिजते. साकव आणि पायवाट जिथे जुळतात तिथला भरावही बघा. पहिल्या पुरात तोच वाहतो, आणि वर गवत असल्यामुळे आतला खड्डा दिसत नाही. काठीने टोचत पुढे जा.

पावलं टाकायची पट्टी जाळीदार किंवा खवल्यांच्या पत्र्याची असेल तर ओल्या चिखलाच्या बुटांनी ती गुळगुळीत होते. साकवावर चढण्याआधी बूट दगडावर आपटून घ्यायला लावा. लाकडी फळ्या असतील तर खिळ्यांच्या रांगेवरून चालायला सांगा. खिळा जिथे आहे तिथे खाली आधार आहे.

आणि एक गोष्ट साकवच तुम्हाला सांगतो, फक्त बघायला हवी. कठड्याच्या सळ्यांत अडकलेलं वाळकं गवत. कुठल्या उंचीवर आहे ते बघा. गेल्या पावसाळ्यात मी एका साकवावर कमरेच्या उंचीला गवताचे झुपके पाहिले, सगळे एकाच दिशेला विंचरल्यासारखे. म्हणजे पाणी साकवाखालून नव्हे, साकवावरून कमरेएवढं गेलं होतं. तुमच्या साकवावर असे झुपके असतील तर तो ओढा किती येऊ शकतो याचा पुरावा तुमच्या हातात आहे, वेगळी चौकशी करायला नको.

पाण्याचा प्रश्न मला या सगळ्यात गंभीर वाटतो. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून लोक आपल्या ओढ्यांना भीत नाहीत. पण आपला पाऊस वर्षभराचा थोडा असला तरी तासाचा थोडा नसतो. हिशेब करून बघा. तुमच्या ओढ्याला पठारावरचं एक चौरस किलोमीटर रान जरी मिळत असेल आणि तिथे तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५ कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं निम्मं जरी तासाभरात ओढ्यात उतरलं तरी सेकंदाला जवळजवळ सात टन पाणी तीस फुटांच्या साकवाखालून जायला बघतं. आणि हे सगळं तुमच्या डोक्यावर ऊन असताना होऊ शकतं, कारण पाऊस पठारावर पडतो आणि तुम्ही घळीत असता. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावला पूर आला, हे आपल्या भागातल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

ओढा येण्याआधी खुणा देतो. निवळ पाणी गढूळ होतं. त्यावर काड्या, वाळकी पानं, फेस येऊ लागतो. आवाज बदलतो, खळखळीचा घुमा आवाज होतो, आणि कधी कधी तळाला दगड सरकल्याचा ठोका ऐकू येतो. यातलं एक जरी दिसलं तरी कुंडावरून त्याच क्षणी उठा. डबे भरत बसू नका. एका मोठ्या माणसाला पूर्ण वेळ फक्त पाणी बघण्याचं काम द्या. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक दगड मांडा आणि दर दहा मिनिटांनी बघा. दगडाला पाणी लागलं की निघायचं.

साकवावर पोचलात आणि पाणी पट्टीच्या खाली हातभर असेल, तर एकेक मूल पटकन ओलांडून घ्या. पाणी पट्टीला लागलं असेल तर ओलांडू नका. आता पाणी साकवाला आडवं ढकलतंय आणि वरून येणारा एखादा ओंडका पुरेसा आहे. साकव सोडून बाजूने पाण्यातून जाणं तर मुळीच नाही. वेगाचं पाणी अर्ध्या पोटरीपर्यंत असलं तरी मोठ्या माणसाचे पाय काढून घेतं, आणि वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. शेवाळलेल्या कातळावर हे सगळं आणखी अवघड.

अशा वेळी तुम्ही पलीकडे, कुंडाच्या बाजूला अडकाल. अडकलात तर अडकलात, ते चालतं. लहान ओढा आला तसा दोन-तीन तासांत उतरतो. पठाराच्या वाटेवर पाण्यापासून चांगले वर चढा, सपाट जागी सगळ्यांना एकत्र बसवा. कड्याखालच्या कपारीत आडोसा घेऊ नका, पावसात दगड तिथेच सुटतात. एकट्या उंच झाडाखालीही नको. प्रत्येक मुलाजवळ एक मोठी प्लास्टिकची पिशवी असावी, डोक्या-हाताला भोकं पाडून अंगात घालता येते. भिजलेलं मूल वाऱ्यात तासाभरात गारठतं, श्रावणातसुद्धा. गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी राखून ठेवलेली असावी, जेवणाच्या डब्याव्यतिरिक्त.

वेळेचं गणित: श्रावणात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण घळीत अंधार त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी उतरतो. दुपारचा पाऊस बहुतेक तीननंतर येतो. म्हणून सकाळी सातला गाव सोडा आणि दुपारी एकच्या आत साकव परत ओलांडलेला असू द्या, कुंड गाठलं असो वा नसो. ही वेळ मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे अर्ध्यातून फिरावं लागलं तर कोणाला वाईट वाटणार नाही.

साकवाखाली आणि ओढ्याच्या कड्याला आग्या मोहोळ आहे का ते आधीच्या भेटीत बघून या. असेल तर दुसरी वाट धरा, त्यावर तोडगा नाही. सहलीच्या दिवशी अत्तर, अगरबत्ती, शेकोटी नको. जंगलात बिबट्या आणि अस्वल आहे. ४२ मुलांच्या बोलण्याच्या आवाजात ती जवळ येत नाहीत, पण म्हणूनच एकट्या मुलाला झुडपाआड पाठवायचं नाही, दोघे-तिघे मिळून, मोठ्या माणसाच्या नजरेत.

अभयारण्यात जायला परवानगी लागते. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, मुलांची संख्या आणि परतीची वेळ लिहा, आणि त्या भागाचा वनरक्षक बरोबर येऊ शकेल का ते विचारा. त्यांना वाटच नव्हे, त्या आठवड्याचं पाणीही माहीत असतं. त्याच वेळी तिठ्यावर कायमच्या फलकाची मागणी करा, आणि फलक साकवाकडे तोंड करून नको, कुंडाकडून येणाऱ्याकडे तोंड करून हवा, हे अर्जात स्पष्ट लिहा. वन विभागाचा १९२६ आणि तातडीचे ११२, १०८ हे क्रमांक मुलांच्या वहीत असू द्या, पण रेंज साकवापाशी आहे की गावाच्या टेकाडावर, हे आधी तपासा. गावात एका माणसाला सांगून ठेवा की दीडपर्यंत निरोप आला नाही तर माणसं पाठवायची.

मोजणी तीनदा करा: साकव जाताना ओलांडल्यावर, कुंडावरून उठताना आणि साकव परत ओलांडल्यावर. आवाज देऊन नाही, खांद्याला हात लावून. शेवटच्या मुलाच्या मागे जो मोठा माणूस असेल त्याच्याकडे बोराटी आणि फडकं उचलून आणायचं काम.

पुढच्या आठवड्यात वाट बघायला जाल तेव्हा साकवाचे चार फोटो काढून मला दाखवा, मी बघून सांगेन. कठड्याच्या खांबांचे बुंधे जवळून, पट्टीची खालची बाजू, दोन्ही टोकांचे पाये कातळासकट, आणि सळ्यांत गवत अडकलं असेल तर शेजारी एखाद्या मुलाला उभं करून तेही.